तुमच्यावाचून काय अडतं?

मार्गशीर्ष शुद्ध २, शके १८४८. हसनाबाद.

पोचलो एकदाचे! बदनापूर स्टेशनावर उतरलो तेव्हा ऊन नुकतं वर येत होतं, आणि गावात शिरलो तेव्हा ते कलायला लागलं होतं. मधला सगळा वेळ बैलगाडी. माझी कंबर ढिली झाली, पण शैलाने गाडीवानाला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं. शाळू एवढा उंच का, बैलाला शिंगं दोनच का. सहा वर्षांची पोर. जन्मायची वकिलाच्या घरात, जन्मली डॉक्टरच्या.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि ओसरी, मागे राहायची जागा. कपाटात क्विनाइन, टिंक्चर, आणि आधीचे डॉक्टर विसरून गेलेली छत्री. स्वयंपाकाला गावच्या कुलकर्ण्यांच्या विधवा बहीण दुर्गाबाई येणार आहेत. आल्या आल्या त्यांनी शैलाची वेणी घातली. तिची आई, अरुंधती, गेल्यापासून ते काम माझ्याकडे होतं, आणि माझी वेणी दुपारपर्यंतसुद्धा टिकत नसे.

जागा चांगली आहे. इथे बरं वाटेल.

मार्गशीर्ष शुद्ध ८

गावात मला एक प्रतिस्पर्धी निघाला! भुजंगबाबा म्हणून सत्तरीचा शेतकरी आहे. ज्याचं जगण्यावरून मन उडालं, त्याला लोक माझ्याकडे न आणता तिकडे नेतात. अंगारा नाही, मंत्र नाही, काढा नाही. बाबा त्याला ओसरीवर समोर बसवतो आणि एकच विचारतो, "तुज्यावाचून काय अडतंय?" मग उत्तर सापडेपर्यंत बसायचं. बाबा सल्ला देत नाही, सुचवत नाही, घाईही करत नाही.

आज मुद्दाम बघायला गेलो. कचरू नावाचा माणूस बसला होता. बायको-पोरं तापात गेलेली, लोकांनी दोनदा विहिरीच्या काठावरून ओढून आणलेला. तिसऱ्या दिवशी आज त्याने तोंड उघडलं. "माजा ढवळा. दुसऱ्याच्या हातची वैरण खात न्हाई त्यो." बाबा म्हणाला, "मंग बसून काय राह्यला? जा, वैरण टाक त्याला." कचरू उठला, धोतर झटकलं आणि भराभरा बैलाकडे गेला. त्याच्या चालीकडे मी बघतच राहिलो.

दुर्गाबाईही कधीकाळी तिथे बसल्या होत्या, दोन्ही मुलं गेली तेव्हा. त्यांचं उत्तर परसातला वालाचा वेल. कुणाची बाभूळ, कुणाचं जातं. मला हसू आवरेना. जगण्याचं कारण म्हणून माणसाने जातं सांगावं! पण माणसं बरी होतात, हे डॉक्टर म्हणून मला मान्य केलंच पाहिजे.

मार्गशीर्ष वद्य ४

वहीपासून काय लपवायचं? परवा आणि काल मी स्वतःच त्या ओसरीवर बसलो होतो.

श्रावणात अरुंधती बाळंतपणात गेली, बाळही गेलं. दोघं माझ्याच हातात गेली. शिकलेलं सगळं करून झालं होतं. तेव्हापासून घास तोंडात नुसता फिरतो. बदली मागून घेतली ती काम करायला नव्हे, कुठेतरी गुपचूप संपून जायला. बाबाने मला काहीच विचारलं नाही, फक्त तो प्रश्न विचारला. पहिला दिवस मी मनातल्या मनात वाद घालत बसलो. रोगी अडतील? दुसरा डॉक्टर येईल. काल उन्हं चढताना लक्षात आलं की माझा डोळा सारखा रस्त्याकडे जातोय. शैला शाळेतून कधी येते ते मी बघत होतो. मला रडू फुटलं आणि मी म्हणालो, "शैला."

ओसरीवरची दोन माणसं उठून उभी राहिली. बाबा कधी मध्ये बोलत नाही, तो बोलला. "डाक्टरसाब, दुसरं कायबी सांगा. जित्या माणसाचं नाव घेत न्हाई कुनी." मला राग आला. म्हटलं, बाभळीपेक्षा माझी पोर हलकी का? दुसरं उत्तर माझ्याकडे नाही. त्याने डोळ्यांवर हात घेतला. "सांगितलं तं सांगितलं," म्हणाला.

आज सकाळी भाकरीला चव लागली. चार महिन्यांनी! दोन खाल्ल्या आणि तिसरी मागितली.

मार्गशीर्ष वद्य ११

मन हलकं आहे. शैलाला पाढे शिकवतो, रोगी तपासतो.

गाव मात्र माझी भलतीच काळजी घेऊन राहिलंय. आडाजवळ गेलो की कुणीतरी दंड धरतं. तुळजाबाई म्हातारी रोज तुपाची वाटी पाठवते. दुर्गाबाई शैलाला उगाच जवळ घेतात आणि पदराने डोळे पुसतात. कारण विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, तुम्ही तेवढं जपून राहा. प्रेमळ माणसं आहेत म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

पौष शुद्ध ३

पेठेत उंदीर पडले. प्लेग. अर्धं गाव शेतांत झोपड्या घालून राहिलंय. मी दिवसभर गाठी बघत फिरतो. कचरू काल गेला.

पौष शुद्ध ५

ढवळ्याला बघायला नेलं मला. कशाला गेलो!

बैल गव्हाणीशी उभा आहे. कचरू गेला त्या घटकेपासून तसाच. मान अर्धी वळलेली, तोंडात अर्धा चावलेला कडबा, जबडा मध्येच थांबलेला. डोळ्यांवर माश्या बसल्यात, पापणी हलत नाही. नळी लावली. ठोका नाही. अंग मात्र गरम. मेला म्हणावं तर पडत नाही. पण बुबुळ— मी बाजूला झालो तसं ते माझ्या मागे सरकलं. त्याला सगळं दिसतंय.

मी घाबरून बघितलं तर बाकी कुणाला नवल नव्हतं. "मेला न्हाई, अडला," एवढंच. मग त्यांनी मला ते जातं दाखवलं. ते सांगणारी म्हातारी जाऊन नऊ वर्षं झाली. चौघांनी जोर लावला, खुंटा जागचा हलला नाही.

धावत घरी आलो. शैला ओसरीवर सागरगोटे खेळत होती. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली.

पौष शुद्ध ६

बाबाच्या पाया पडलो. मी, डॉक्टर. सांगितलेलं परत घेता येत नाही, म्हणाला. दुसऱ्याने तेच नाव घेऊनही भागत नाही. जात्यावाल्या म्हातारीच्या सुनेने घेऊन बघितलं होतं. "म्या निस्तं इचारतो, डाक्टरसाब. हे कोन करतं, मला ठावं न्हाई." तोही रडत होता.

एकच उपाय. मी मरायचं नाही.

पौष शुद्ध ९

जांघेत गाठ. सुपारीएवढी. ताप एकशे तीन.

शैलाला दुर्गाबाईंकडे पाठवलं. जवळ ठेवून चालणार नाही. दूर ठेवून तरी काय—

पौष शुद्ध १०

सकाळी माझी शुद्ध गेली. नाडी लागत नव्हती म्हणतात. पाव तास असेल.

दुर्गाबाईंनी सांगितलं. शैला काहीतरी विचारत तांब्यातून पाणी ओतून घेत होती. हात तसाच राहिला. पाणी भांड्यावरून वाहून गेलं, परकर भिजला. हाका मारल्या, हलवलं. डोळे उघडे. दुर्गाबाई इकडून तिकडे गेल्या तर बुबुळं त्यांच्यामागे—

मग मला शुद्ध आली. त्याच क्षणी तिकडे शैला म्हणाली, "—भरलं का?" राहिलेला प्रश्न पुरा केला पोरीने. आणि मग किंचाळली. तिला सगळं कळत होतं.

तोच दिवस. दुपार

ताप एकशे पाच. फार वेळ नाही.

ती मरणार नाही. मेली असती तर बरं, असं बाप लिहितोय. थांबेल. उभी असली तर उभी. आणि बघत राहील. नऊ वर्षं. किती वर्षं—

हातात एवढंच आहे. तिला झोपवायचं. झोपेत थांबली तर डोळे मिटलेले असतील. काही दिसणार नाही तिला. कळणार नाही.

जवळ आणवलंय. जवळ घेऊ नये, माहीत आहे. आता काय.

अंथरूण घातलं. भर दुपार. अण्णा, झोप येत नाही, म्हणते. डाव्या हाताने थोपटतोय. लिहिणं थांबलं की डोळ्यांपुढे काळं येतं. म्हणून लिहितो.

विचारते, काय लिहिता. विचारते, तुमचा हात एवढा गरम का. प्रश्न संपत नाहीत हिचे. बाई गं—

अफू द्यावी का. किती. आकडा आठवत नाही. कपाटापर्यंत उठवत नाही. दुर्गाबाईंना हाक— आवाज—

पापण्या जड झाल्या तिच्या. मिटल्या.

नाही. उघडल्या. हसतेय. तिला खेळ वाटतोय.

शैला, हसू नको. मीट डोळे. सोने, मीट लवकर. एक मिटलाय, आता दुसरा, तो पण मी