होकाराचा भाव

सोमवार, ५ ऑक्टोबर

सरकारचं पत्र आलं. शुक्रवारपर्यंत करारातलं कलम सात काढा, नाहीतर कंपनीचं नाव बंदीच्या यादीत.

कलम सात मी लिहिलंय. एकच वाक्य — सरकारनं पकडायच्या माणसांची नावं आमचं एआय मॉडेल निवडणार नाही. त्या वाक्याला चार महिने लागले होते.

समितीत आम्ही पाच जण. गुरुवारी मत. समिती म्हणेल तेच वर मान्य होतं, असं अमन म्हणतो. तो आमचा प्रमुख.

मंगळवार, ६

दुपारी परीक्षितचा फोन. धाकटा दीर. जर्सी सिटीत बसून ऑनलाइन पैजांच्या बाजारात पडीक असतो. तिथे आमच्यावरही पैज आहे — कंपनी शुक्रवारपर्यंत झुकणार का? 'हो'चा भाव शंभरात अठ्ठावीस. म्हणजे बाहेरच्यांना वाटतं, नाही झुकणार. बरं वाटलं.

"वहिनी, ऑफिसचं काही विचारत नाहीये. नुसतं ऐक." फोन स्पीकरवर, मी भेंडी चिरत होते. तो बोलत होता, मी हं, हं करत होते. मध्येच — "म्हणजे शेवटी सही करणारच तुम्ही?"

"हं."

हं म्हणजे ऐकतेय. हं म्हणजे बोल पुढे. "ओके ओके, वहिनी!" — आणि फोन ठेवला त्यानं.

बुधवार, ७

भाव चौसष्ट.

काल संध्याकाळी कोणीतरी एकदम मोठी पैज लावली, असं तिथे लिहिलंय. कोणीतरी!

परीक्षितला विचारायला फोन उचलला, ठेवला. विचारलं तर त्या कॉलची नोंद फोनमध्ये राहील. ऋषीलाही सांगितलं नाही. त्याचाच भाऊ. शिवाय आम्ही तिघंही माझ्या नोकरीच्या व्हिसावर आहोत.

जेवताना सिया म्हणाली, "आई, यू आर ॲट सेव्हंटी!" तिच्या वर्गातली मुलंही बघतात. ऋषीनं विचारलं, मीठ कमी आहे का? मी म्हटलं, हं. मग त्यानं मीठ घातलं. खारट झालं. मी खाल्लं.

गुरुवार, ८

अमननं भिंतीवर आलेखच लावला. एकोणऐंशी. "बाहेर डिसाइड झालंय, यार. आपण कशाला हीरो व्हायचं?" मग हसत — "आणि आतून कोणी बोललं असेल, तर ते लीगलवाले बघतील."

सगळे हसले. मीही.

दोघं काढा म्हणाले, दोघं ठेवा. मी शेवटची. रात्रभर तयार केलेली दोन पानं मांडीवर होती. वाटलं, मी ठेवा म्हटलं की अमन विचारणार — मग भाव का चढला? आणि माझा चेहरा सांगून टाकणार.

काढा — म्हणून हात वर केला.

अमन म्हणाला, "तू? रिअली?"

शुक्रवार, ९

सही झाली. भाव शंभर.

शनिवार, १०

कॉफीच्या दुकानात नावं पुकारत होते. प्रत्येक नावाला मान वर होत होती माझी. एकेक माणूस उठायचा, काउंटरपर्यंत जायचा, दाराबाहेर. मी मोजत नव्हते. तरी अकरा झाले.

माझं पुकारलं तेव्हा उठले नाही. तीनदा पुकारलं. ऋषी म्हणाला, "अगं, तुझंच आहे ना?"

रविवार, ११

काही नाही. कपडे धुतले.

सोमवार, १२

परीक्षितचा फोन. "झुकलात ना शेवटी! मी लावली असती तर, वहिनी —"

म्हटलं, लावली असती म्हणजे?

"लावलीच नाही गं. तुझ्या हं वर कोण लावणार? दादा म्हणतो, ती हं म्हणते तेव्हा ऐकतच नसते." खूप हसला. मंगळवारची ती मोठी पैज कोणाची, त्याला माहीत नाही.

गुरुवारी मी ठेवा म्हणू शकत होते.