रंभाबाई तापली

सिद्धनाथच्या बाबांस,

मोटार विकायची की ठेवायची, हे तुम्ही चार महिने घोळवताय. माझ्या आईनं लग्नात दिलेला, माझं नाव घातलेला तांब्याचा हंडा मला न विचारता त्या जुनाट मोटारीच्या तोंडाला पाण्याची टाकी म्हणून बसवलात. तेव्हापासून सात रस्ता चौकात लोक हंड्यावरचं नाव वाचून ओरडतात, "रंभाबाई तापली, ढकला की!" आज अक्कलकोटचं गिऱ्हाईक दारात येऊन मलाच विचारतं, "रंभाबाई केवढ्याला देणार?" शिसारी आली मला.

हंडा मी उपटून काढलाय. तांबटाकडून भोकं बुजवून घेते आणि तशीच माहेरी जाते. भाकरी झाकून ठेवलीय, आधी ते तेलकट हात धुवा. मोटार विकलीत तर न्यायला या, पण टांग्यानं.

खरी रंभाबाई