वाऱ्याचा बाण

मंगळवार, मालवण. दिवेलागणीनंतर.

दुपारपासून घरीच लॅपटॉपवर कॉलेजच्या लायब्ररीचा डेटाबेस उपसत बसले होते. बाबांसाठी. आमच्या आणि शेजारच्या घरामधला बोळ बुजवून त्यांना पर्यटकांसाठी खोली काढायची आहे. उद्या गवंडी येणार. पण तो बोळ म्हणजे राखणदाराची वाट; गाव राखणारा तो देव तिथून फेरी मारतो म्हणतात. तिथे कुणी कधी सायकलही लावली नाही. रोज संध्याकाळी तोंडाशी पणती तेवढी.

"त्या वाटेबद्दल छापलेला कायतरी गावता काय बघ गो," बाबा सकाळी म्हणाले. "माका तेवढाच व्हया."

'राखणदार' टाकलं, काहीच आलं नाही. 'किनारपट्टीवरची चिऱ्याची घरं' टाकलं तेव्हा एक लेख उघडला. त्यात अशाच बोळाचा नकाशा. समुद्राकडून आत येणारा एक बाण, खाली लिहिलेलं, वारा. घरं थंड राहावीत म्हणून जागा सोडत, इतकंच. पटण्यासारखं आहे. मग तो बाण डोळ्यांपुढून जात का नाही?

बाबांनी त्या बाणावरून बोट फिरवलं. "म्हणजे वारोच तो. बरा झाला. बांधूया."

आणि सवयीने पणती घेऊन बाहेर गेले. मी खिडकीत होते. वारा साफ पडलेला, ज्योत सरळ उभी. पणती ठेवून बाबा उठले आणि एकदम अंग चोरून भिंतीला टेकले, कुणाला वाट द्यावी तसे.

बाण समुद्राकडून आत येतो. बाबांची नजर मात्र हळूहळू समुद्राकडे गेली, कुणाला निरोप देताना जाते तशी.