कॅप्टन वावटळचा डगला

गुरुवार, १० जून
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या सुरुवातीच्या काळाची माहिती पुढे कुणाला मिळत नाही. आपली आपणच लिहून ठेवलेली बरी.

सकाळी दुकानात एक गृहस्थ आले. करडा ओव्हरकोट, बूट आरशासारखे. कोटाची बटणं घेतली, घासाघीस केली नाही. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, ‘कॅप्टन वावटळ’ मालिकेबद्दल चॅनेलला लांबलचक पत्रं लिहिणारे वाल्देमार तेचेरा ते तुम्हीच का? म्हटलं, मीच. म्हणाले, मोंतेविदेओत तुमची पत्रं फार लक्ष देऊन वाचली जातात. आता सान इलारियोतल्या लोकांना मालिका कशी वाटते, कुठल्या प्रसंगाला कोण काय म्हणतं, हेही कळलं तर बरं होईल. नाव आरोसा. चॅनेलमध्ये कुठल्या हुद्द्यावर आहेत ते मी विचारलं नाही. अशी माणसं सांगत नाहीत, आणि माझ्यासारख्याला सांगावं लागत नाही.

रात्री जेवताना नेलिदाला सांगितलं. तिचं म्हणणं, बटणं घ्यायला राजधानीतून इतक्या लांब नदीकाठी कोण येतं? बायकोला माणसांची पारख नाही.

संकल्प: दर गुरुवारी लोकांना आपल्याकडे मालिका बघायला बोलवायचं. आपला टीव्ही गल्लीत सर्वांत मोठा. आरशासमोर बोलायचा सराव. मिशीला रंग. माते, म्हणजे आपला पाल्याचा कडू चहा, दिवसातून दोनदाच प्यायचा, दात पिवळे पडतात आणि कॅमेऱ्यात दिसतात.

गुरुवार, १७ जून
पहिली बैठक. (बैठक हा शब्द वापरू नका, असं नेलिदा म्हणाली. लष्कराने कारभार हाती घेतल्यापासून बैठकीला परवानगी लागते. टीव्ही बघणं म्हणजे बैठक नव्हे, हे तिला समजावून सांगितलं.)

आले तीनजण. शेजारचा न्हावी ग्वाल्बेर्तो, शाळेतल्या इर्माबाई आणि नेलिदाचा धाकटा भाऊ विल्सन, जो मांसाच्या कारखान्यात आहे आणि आमच्याकडे जेवायच्या वेळीच येतो. हिवाळ्यातला पाऊस होता म्हणून नेलिदाने पुऱ्या तळल्या.

मी टीव्हीकडे पाठ करून बसलो. समीक्षकाने पडदा नाही, चेहरे बघायचे असतात. त्यामुळे तलवारबाजी हुकली. विल्सनने नंतर सांगितलं: मुखवटा घातलेला कॅप्टन गव्हर्नरच्या कोठारात शिरतो, धान्य लोकांना वाटून टाकतो, बैल अंगावर सोडतात तर त्याच्यावरून उडी मारतो आणि शेवटी तलवारीच्या टोकाने गव्हर्नरची टोपी उडवतो. टोपी उडाली तेव्हा टाळ्या पडल्या. इर्माबाईंना हसून हसून ठसका लागला. ग्वाल्बेर्तो म्हणाला, या गव्हर्नरची दाढी मी फुकट करीन, गळ्याची हमी मात्र देणार नाही.

नंतर वाद पेटला. कॅप्टनच्या डगल्याचा रंग कोणता? टीव्हीवर सगळंच करडं. मी जन्मभर रिबिनी आणि दोरे विकले. माझ्या मते गडद निळा. ग्वाल्बेर्तो म्हणाला लाल. इर्माबाईही लाल म्हणाल्या, असल्या माणसाला दुसरं काही शोभेलच कसं? विल्सन पुरी तोंडात कोंबत म्हणाला, दाजी, लालच, नाहीतर बैल कशाला मागे लागेल?

मी एकटा पडलो. ज्ञानी माणूस पडतोच.

सोमवार, २१ जून
चौकातल्या हॉटेलात आरोसासाहेबांना भेटलो. त्यांनी कॉफी मागवली. ऐकून घ्यावं तर त्यांनी. एकदाही मध्ये बोलले नाहीत.

कथानकात त्यांना रस नाही. आधी टाळी कुणी वाजवली, हसलं कोण, दाढीचं काय ते पुन्हा सांगा. मी इर्माबाईंच्या हसण्याची नक्कल करून दाखवली. फार हुबेहूब झाली. ते हसले नाहीत. शास्त्रीय दृष्टी!

डगल्याची गोष्ट मी आपली गंमत म्हणून सांगितली. तर ते पुढे सरकले. लाल कोण कोण म्हणालं? दोनदा विचारलं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चॅनेल रंगीत करणार! अख्ख्या देशात कुणाला पत्ता नाही आणि मला आधी. तिघांची नावं दिली. विल्सन घरचा म्हणून वगळला नाही. मी निःपक्षपाती आहे.

माझं मत निळ्याचं, तेही सांगू लागलो. म्हणाले, ते राहू द्या.

गुरुवार, २४ जून
सान हुआनचा दिवस. गल्लीत दरवर्षी शेकोटी असते. या वर्षी कुणी पेटवली नाही. लाकडं ओली असणार.

ग्वाल्बेर्तो आला नाही. दुकानाला कुलूप. घरी गेलो तर त्याची बायको ओफेलिया दाराच्या फटीतून बोलली. दोघेजण आले, गाडीला नंबर नव्हता. दोन प्रश्न विचारायचेत म्हणाले, पिशवी घ्यायची गरज नाही म्हणाले. कालपासून आला नाही.

क्षणात उलगडा झाला. स्टुडिओ! मत विचारायला बोलावलं असणार. ज्या माणसाला किरमिजी आणि लाल यातला फरक कळत नाही, त्याला. आणि मत गोळा करणारा मी, मी इथे पुऱ्या मोजतोय.

ओफेलिया रडत होती. साहजिक आहे, चांगला सूट न घालताच गेला. मी धीर दिला, तिथे मेकअप करतात. तिने दार लावलं. वारा होता.

मालिकेला इर्माबाई आणि विल्सन. दोघं चहाच्या कपात बघत बसले. टोपी पुन्हा उडाली. टाळी नाही.

मंगळवार, २९ जून
इर्माबाईंनाही नेलं! चालू वर्गातून. पोरं खिडकीला चिकटून बघत होती म्हणे. खडू हातातच होता.

आता मात्र मनाला लागलं. माझा नंबर कधी? नेलिदाला तसं म्हणालो. ती भांडी घासत होती. नळ तसाच वाहत राहिला. मग तिने मागे न वळता विचारलं,

“अहो, त्या माणसाला विल्सनचं नाव सांगितलंत?”

म्हटलं, अर्थातच. उद्या त्याचंही भाग्य उजळलं तर तुलाच आनंद होईल.

तिने हात पुसले नाहीत. कोट न घालता बाहेर पडली, भावाच्या घराकडे. असल्या थंडीत. नळ मी बंद केला.

गुरुवार, १ जुलै
कुणी आलं नाही. ठीक आहे. प्रेक्षक येत नसतील तर समीक्षकाने प्रेक्षकांकडे जावं. गावभर फिरलो.

बेकरीत पाऊल टाकलं आणि एवढी शांतता झाली की भट्टी ऐकू आली. बेकरीवाल्याला डगल्याचा रंग विचारला. म्हणाला, तेचेराशेठ, तुम्हाला जो वाटतो तोच. पोस्टमन म्हणाला, आमच्याकडे टीव्हीच नाही. मी वर पाहिलं, छपरावर अँटेना. त्यानेही वर पाहिलं आणि म्हणाला, ती कपडे वाळत घालायला. औषधाच्या दुकानातल्या म्हातारीने तर न विचारताच सांगितलं की तिला गव्हर्नर आवडतो. फार कष्टाळू माणूस आहे म्हणाली.

म्हणजे शंभर टक्के निळा, आणि गव्हर्नर लोकप्रिय. एका गावात इतकं एकमत कुठल्याच पाहणीत झालं नसेल. माझ्या पद्धतीचा विजय.

सोमवार, ५ जुलै
विजयाचं कौतुक झालं नाही. आरोसासाहेब चमचा बशीवर आपटत राहिले. सगळेच निळा म्हणतात? सगळेच. आणि हसतं कोण? कोणीच नाही.

मग मी स्पष्टच बोललो. टाय बांधून गेलो होतो, मिशीही ताजी रंगवलेली. म्हटलं, साहेब, माझ्या हाताखालची माणसं स्टुडिओ बघून येतात आणि मी इथेच. अन्याय आहे. हवं तर सांगतो, नीट विचार केल्यावर मलाही आता लालच दिसतो.

त्यांनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाले,

“तेचेरा, तुम्हाला काय दिसतं याच्याशी कुणाला काही घेणं नाही. तुम्ही फक्त कान द्या.”

म्हणजे माझ्या कानांवर एवढा विश्वास. सगळ्यांवर टाकत नाहीत.

कॉफी आज मागवली नाही.

शुक्रवार, ९ जुलै
विल्सनला नेलं. नेलिदाने त्याच्यासाठी होडी ठरवली होती, शनिवारी पहाटे पलीकडे अर्जेंटिनात जाणार होता. मला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या घरात, माझ्या पाठीमागे! पगार घ्यायला म्हणून आज कारखान्यात गेला. गाडी फाटकातच उभी होती.

नेलिदा स्वयंपाकघरात बसून आहे. दिवा लावत नाही. मी म्हटलं, बघ, आता आपल्या घरातलंही कुणीतरी

वाक्य पुरं झालं नाही. खिडकी लावून घेतली. हवा वाईट आहे.

गुरुवार, १५ जुलै
सात वाजता टीव्ही लावला. मालिकेच्या जागी लष्कराचा बँड. सूचना नाही, काही नाही. अर्धा तास ट्रंपेट.

चॅनेलला पत्र लिहायला घेतलं: ‘सान इलारियोच्या समस्त प्रेक्षकांच्या वतीने’. पुढे कोणकोण ते आठवेना. कागद फाडला. नेलिदा आठवडाभर माझ्याशी बोलली आहे ती फक्त मीठ कुठे आहे ते सांगायला.

शनिवार, १७ जुलै
ग्वाल्बेर्तो परतला!

तातडीने दाढीला गेलो. खुर्चीत बसलो, त्याने कापड गळ्याभोवती बांधलं. बारीक झालाय. मी मोकळेपणाने विचारलं, कसा होता स्टुडिओ? दिवे फार प्रखर असतात ना?

आरशातून बघत राहिला. वस्तरा हातात होता. मग आतून ओफेलिया आली आणि तिने त्याच्या बोटांतून वस्तरा अलगद सोडवून घेतला, लहान मुलाच्या हातून घेतात तसा.

“दुकान बंद आहे, तेचेराशेठ,” तो म्हणाला.

दार उघडं होतं. बाहेर बाकावर गिऱ्हाईक बसलेलं होतं. मी कापड सोडलं, घडी घातली, खुर्चीवर ठेवलं. येतो म्हणालो.

दिवे खरंच प्रखर असावेत. त्याचे डोळे अजून मिचमिचत होते.

मंगळवार, २० जुलै
नेलिदाने विल्सनसाठी गाठोडं बांधलं. लोकरीची बनियन, मोजे, पेरूच्या वडीसारखी घट्ट थापलेली मेंब्रियो फळाची वडी. निघाली जिल्ह्याच्या गावाला, लष्कराच्या छावणीवर. तिला कुणी पत्ता दिला कळेना. ओफेलियाने असणार. मी म्हटलं, मीही येतो, माझी वरपर्यंत ओळख आहे. तिने गाठोड्याची गाठ आवळली. मी सूट घातला.

फाटकाबाहेर बायकांची रांग. हातात गाठोडी. पुढे इर्माबाईंची आई. तिने सरकून नेलिदाला जागा दिली. मी रांगेच्या बाजूला उभा राहिलो. माझ्यासाठी जागा नव्हती, आणि पुरुष कुणी नव्हताच.

मग फाटक उघडलं आणि जीप बाहेर आली. पुढे आरोसासाहेब. अंगावर गणवेश, खांद्यावर फिती. फितींचं काम उत्तम होतं. मी टोपी खाली ओढली. बुटाची नाडी बांधायला वाकलो. जीप थांबली.

“काय तेचेरा, इथे कुठे?” मोठ्याने म्हणाले. “सोमवारी या. नेहमीच्या जागी.”

जीप गेली. रांगेतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. शिवी कुणी दिली नाही. इर्माबाईंच्या आईने गाठोडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, एवढंच. नेलिदा फाटकाकडे बघत उभी होती. तिने मान वळवली नाही.

शिपायाने विल्सनचं गाठोडं आत घेतलं. मागची बाई म्हणाली, घेतलं म्हणजे माणूस आहे. इर्माबाईंच्या आईचं परत दिलं.

परतीच्या बसमध्ये नेलिदा तिच्याजवळ बसली, ते परत आलेलं गाठोडं दोघींच्या मांडीवर ठेवून. मी मागे. बस खच्चून भरलेली, माणसं दांड्याला लोंबत होती. माझ्या शेजारची जागा सान इलारियोपर्यंत रिकामी राहिली.

पाय पसरून बसता आलं असतं. बसलो नाही.