खापरपणजोबांचा परवाना

मंगळवार, संध्याकाळ, हर्सूल

हसू थांबतच नाय. आमचे खापरपणजोबा निजामाच्या काळात पाचोडला वकील होते. त्यांचा वकिलीचा उर्दू परवाना फ्रेम करून भिंतीवर लावलाय, दसऱ्याला त्याला हळदकुंकू. घरात उर्दू मात्र कुणालाच येत नाय. मी कॉलेज सोडून भटकतो, म्हणून बाबा त्या परवान्याकडं बोट दाखवून म्हणतात, "वकिलाच्या घरात हे रत्न!"

आज फ्रेमची तडकलेली काच बदलायला नेली. काचवाले चाचा कागद वाचून खो-खो हसले. "बेटा, परवाना नईं, कोर्ट की नोटीस है ये! वकीलसाब पेशी की तारीख छोडके खुलताबाद के उरूस कू गए. तिसरी बार!"

रस्त्यात भजी खाल्ली, एक क्रिकेटची मॅचही बघत बसलो. बाबांना सांगू का नको? घरची सगळी ऐट त्या कागदावर. पण माझं रक्त शेवटी खापरपणजोबांचंच ना? लई भारी वाटत होतं. सांगून टाकलं.

बाबांनी फ्रेम उचलून परत भिंतीवर लावली. मग हळूच म्हणाले, "बारावीच्या पेपराला मी दौलताबादच्या किल्ल्यावर होतो. तुझ्या आईला बोलू नको."

आई मागंच उभी होती.