दुसऱ्या तारेची कडी

प्रिय डेल,

माझं अक्षर दिसलं तर तू हे पाकीट तसंच कचऱ्यात टाकशील, म्हणून पत्ता शेजारच्या बर्निसकडून लिहून घेतला आहे. आपल्या हॅलोविनच्या भुतानं जिचं गळ्याजवळचं हाड मोडलं, तिचं पत्र तरी तू फोडशील.

गल्लीत यंदाही हॅलोविनचं वारं शिरलंय. समोरच्यांनी छपराएवढा सांगाडा उभा केलाय. कोपऱ्यावरचे फुगवायचे भोपळे दिवसभर हवा जाऊन हिरवळीवर झिंगलेल्या पाहुण्यांसारखे पडून असतात. गल्लीच्या समितीनं चिठ्ठी पाठवली आहे, यंदा टांगलेलं काही पडलं तर मोटरवरची भुतं कायमची बंद. व्हर्न म्हणाला, "मग राहू दे ना. एक भूत कमी झालं म्हणून ओहायो ओस पडत नाही." मी म्हटलं, "मिल्ड्रेड माझ्या भावानं बनवली आहे." तर म्हणतो, "जो वर्षभर तुझा फोन उचलत नाही, तोच ना?" नवऱ्यांना नेमकी दुखरी जागा बरी सापडते.

तर शनिवारी दुपारी मिल्ड्रेडला खोक्यातून काढलं. बाबांच्या पिकअपच्या वायपरची मोटर, तिच्यावर फिरणारा दांडा, दांड्यापासून तीन मासेमारीच्या दोऱ्या, चादरीच्या भुताच्या डोक्याला एक, हातांना दोन. तू ती पहिल्यांदा चालवलीस तेव्हा ती सावकाश वर आली, हात पसरले, पुन्हा खाली बसली, आणि आपण दोघं एकदम म्हणालो, ही तर मिल्ड्रेड आत्या. जेवणाच्या टेबलावरून उठताना अगदी अशीच.

वारा होता. अंगणातल्या मेपलची फांदी कुरकुरत होती. मी शिडीवर, एका हातात मोटर, दुसऱ्या हातात फांदी, आणि खाली व्हर्न एका हातानं शिडी आणि दुसऱ्यानं कॉफी सांभाळत होता. जास्त काळजी कॉफीची. मोटर कशीबशी फांदीला तारेनं बांधलेल्या मोठ्या हुकात अडकवली. तेवढ्यात झुळूक आली, हुक सरकला, मोटरचं सगळं वजन माझ्या मनगटावर आलं. एक पाय पायरीवरून निसटला. व्हर्न ओरडला, "सोड ती, लोरेन." सोडली असती तर ती त्याच्याच टकलावर गेली असती. मी दात आवळून एका पायावर तोल सांभाळला आणि दुसऱ्या हातानं तुझी दुसरी तार चाचपायला लागले, हुक सुटला तरी मोटर धरून ठेवणारी. तू नेहमी म्हणायचास, एक तार वजनाला, दुसरी नशिबाला.

गेल्या वर्षी मोटर बर्निसवर पडली तेव्हा ही तार नव्हतीच, असं मीच सांगितलं होतं. बर्निस गवतावर कण्हत होती, सगळी गल्ली जमली होती, आणि मी सगळ्यांदेखत म्हटलं, "डेल, तू दुसरी तार बांधलीच नाहीस." तू वर झाडाकडे बघून एवढंच म्हणालास, "बांधली होती." मी म्हटलं, "मग काय भुतानं सोडली?" लोक हसले. तू अवजारांची पेटी उचलून निघून गेलास.

तार तिथेच होती, डेल. झाडाची साल सोलली जाऊ नये म्हणून तू बागेच्या नळीचा तुकडा घालतोस, तोही होता. तारेची कडी मात्र रिकामी नव्हती. तिच्यात माझी नारिंगी दिव्यांची माळ अडकवलेली होती. व्हर्न एकदा लावलेले दिवे उतरवत नाही, म्हणून वर्षभर तशीच राहिली. गेल्या वर्षी माळ गाडीवर लोंबत होती म्हणून तू उतरल्यावर मी शिडीवर चढले होते, जवळ दिसली ती कडी मोटरवरून काढली, माळ तिच्यात अडकवली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन खाली उतरले. सगळं त्या क्षणी आठवलं. माळ काढून टाकली, कडी मोटरला लावली, मग मनगट सोडवलं.

खाली उतरून आधी व्हर्नला सांगितलं, मग बर्निसकडे गेले. तिनं आधी मोडलेल्या हाडावरून हात फिरवला. मग म्हणाली, "मला कशाला सांगतेस? हाड माझं मोडलं, नाव त्याचं गेलं." काल समितीच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. तुला मात्र तोंडानं सांगायची हिंमत होत नाही, म्हणून हे पत्र. मोटर मी उतरवून ठेवली आहे. मिल्ड्रेड गॅरेजमध्ये खुर्चीवर बसून आहे, आणि तू येऊन दुसरी तार लावल्याशिवाय मी तिला उठवणार नाही. हॅलोविन गुरुवारी आहे. तू चढ. शिडी मी धरते, दोन्ही हातांनी.

तुझीच चुकलेली बहीण,
लोरेन