रानाच्या वाटेवर बसलेली सासू

मुसिझी टेकडी, कंपाला
मंगळवार सकाळ

ती. नाल्वांगा वन्सं यांना,

नाबोसाचा गुडघे टेकून नमस्कार (कागदावरच टेकलेत; खरे टेकले तर मला उठवायला दोन माणसं लागतात). तुमची कंबर कशी आहे? मसाकाकडे पाऊस बरा ना? केळींनी यंदा घड धरले का? परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "झाडंच ती, पुन्हा येतील, एवढं काय जिवाला लावून घ्यायचं," आणि फोन ठेवलात. म्हणून सगळं लिहून कळवते. पत्राला "आवाज कट होतोय" म्हणता येत नाही.

आपल्या घरामागचं रान कुणा गुंतवणूकदाराला हॉटेलासाठी द्यायचं ठरलंय. कुणी ठरवलं ते विचारू नका. आम्ही विचारलं, तर प्रत्येक ऑफिसाने पुढच्या ऑफिसाकडे बोट दाखवलं. मग रानाची किंमत ठरवायला एक टायवाले साहेब आले. मी त्यांना झाडाखाली बसवलं, उकडलेल्या केळ्यांचं मतोके आणि शेंगदाण्याची आमटी वाढली, आणि हे रान काय देतं ते एकेक सांगितलं. नळ कोरडे पडले की सगळी वस्ती जिथे पाणी भरते तो झरा, अळंबी, तापावरची साल, माकडं (ती हिशेबात धरू नका असं मीच म्हणाले, मेली माझा मका खातात). पलीकडच्या टेकडीचं रान कापलं त्या पावसाळ्यात चिखल खाली उतरला आणि पायथ्याच्या नान्सुबुगाची नवी खोली कॉटसकट दलदलीत गेली, तेही सांगितलं. साहेबांनी तीनदा वाढून घेतलं, ढेकर दिली आणि कागदावर लिहिलं, "झुडपं. किंमत शून्य." ज्या गारव्यात बसून जेवला त्याला शून्य! आणि लिहिलं माझ्याच पेनाने. पेनही घेऊन गेला.

आम्ही चारशे सह्या गोळा केल्या, वकील धरला. सुनावणी परवा गुरुवारी आहे. वकील म्हणाला, तोवर हद्दीच्या खुंट्या ठोकल्या गेल्या नाहीत तर कोर्ट काम थांबवील. ठोकल्या गेल्या, तर मग हॉटेलातच भेटू चहाला. आणि खुंट्या ठोकायला मोजणीदार म्हणून पाठवला कोण? सेब्बोवा! आपल्या इमॅक्युलेटचा सेब्बोवा! मी मनात म्हटलं, देव आहे. खालून सगळी दलदल, रानात शिरायला वाट एकच, त्या वाटेवर मी चटई टाकली आणि बसले. जावयाने सासूसमोर यायचं नाही, तिला शिवला तर जन्मभर हात थरथरतात, हे आपल्यात शेंबडं पोरही जाणतं. आणि थरथरत्या हाताचा मोजणीदार कोण ठेवील?

सकाळी आठला आला, मला पाहिलं, आणि यंत्र तिथेच टाकून झाडाआड पळाला. मग त्याचा साखळी धरणारा म्हातारा मुवोंगे आमच्यात ये-जा करायला लागला. "जावईबापू विचारतात, सासूबाई जरा डावीकडे सरकतील का?" मी म्हटलं, सांग त्यांना, सासूबाईंचा गुडघा धरलाय. "जावईबापू म्हणतात, माझी नोकरी जाईल." सांग, आमचा झरा जाईल. असे आठ दिवस (रविवारीसुद्धा; प्रार्थना चटईवरच म्हटली). आधी मला वेडी म्हणणारे शेजारी येऊन उशी देऊन गेले, तळलेले नाकतोडे देऊन गेले. चारशे सह्यांना जमलं नाही ते माझ्या बुडाने करून दाखवलं, वन्सं. लाज वाटण्यासारखं आहे, पण मला अभिमान वाटला.

काल सोमवारी गुंतवणूकदाराचा माणूस आला. आपल्यातलाच होता मेला, म्हणून तर त्याला सुचलं. त्याने सेब्बोवाला एकच विचारलं, "तुझी क्वांजुला झालीय का? रीतसर बायकोच्या घरच्यांसमोर उभा राहिलायस कधी?" नाही राहिला. सात वर्षं झाली, दोन पोरं झाली, पण क्वांजुला नाही. का नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मुलीच्या आत्याने आत आणल्याशिवाय मुलगा उंबरा ओलांडत नाही, आणि आत्याबाईंनी त्याला दोनदा परत पाठवला. एकदा मुलीच्या भावासाठी आणलेला कोंबडा रोड निघाला म्हणून, आणि एकदा तुमची नेसायची गोमेसी जांभळी सांगितली असताना हिरवी आणली म्हणून (हिरवी तुम्हाला शोभली असती. असो). तो माणूस हसला आणि म्हणाला, "मग ही बाई तुझी कोण लागते? कशाला लपतोस?"

सेब्बोवा झाडाआडून बाहेर आला. सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग, मॅडम."

वन्सं, मला रडू फुटलं. सात वर्षांत मी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. धाकट्या नातवाची हनुवटी कुणावर गेली ते काल कळलं. रीत झाली नव्हती तरी बिचारा सगळं पाळत होता, मी बाजारात दिसले तर गटारापलीकडे उडी मारायचा. आणि पाळायची खरी वेळ आली तर मॅडम! चटईला वळसा घालून आत गेला आणि संध्याकाळपर्यंत अकरा खुंट्या ठोकल्या. हात जरासुद्धा थरथरले नाहीत, मी बघत होते. झऱ्याकडच्या चार उरल्यात. इमॅक्युलेट माझ्याशी बोलत नाही. मी विचारलं, नवऱ्याची नोकरी आईपेक्षा मोठी का? हो म्हणाली.

प्रकृतीला जपा, फार वाकू नका.

तुमची भावजय,
नाबोसा

ता.क. खरं काम सांगायचं राहिलंच. पत्र मसाकाच्या बसड्रायव्हरपाशी देते आहे, दुपारी हातात पडेल. उद्या पहिल्या बसने निघून या आणि क्वांजुला उरकून टाका. कोंबडे मी आणते, चांगले गलेलठ्ठ. गोमेसी तुम्ही म्हणाल त्या रंगाची. सेब्बोवा नाही म्हणणार नाही, सात वर्षं तो तुमच्या होकाराचीच वाट बघतोय. एकदा रीतसर जावई झाला, की माझी चटई बघून खुंट्या टाकून पळालाच पाहिजे. तुमच्या पाया पडते, या वेळी खोड काढू नका.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात करवतींचा आवाज सुरू झाला. उरलेल्या चार खुंट्यांसाठी कुणी थांबलं नाही, कोर्टासाठी तर नाहीच. झऱ्यावरचं मुसिझीचं मोठं झाड आडवं झालंय. माकडं माझ्या पत्र्यावर येऊन गप्प बसलीत, त्यांना हाकलायचा धीर होत नाही. आता रानासाठी येऊ नका. तरी उद्या याच. मला त्या सेब्बोवाचं तोंड जन्मात पुन्हा बघायचं नाही, आणि त्यावर आपल्यात रीतसर उपाय एकच आहे: त्याला जावई करून घ्यायचं.